ॲनालॉग कीबोर्ड आणि शूटर गेममधली हालचाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कीबोर्ड येतो, सॉफ्टवेअर उघडलं की समोर स्लायडरच स्लायडर दिसतात, आणि बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत सगळे आकडे ०.१ मिमीवर नेऊन ठेवतात. पुढच्या दोन-तीन सामन्यांत हालचाल सुधारायच्या ऐवजी विस्कटते. मला विचारले जाणारे बहुतेक प्रश्न इथूनच निघतात. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: या कीबोर्डचा खरा फायदा बटण दाबण्यात नाही, बटण सोडण्यात आहे. सेटिंगला त्या टोकापासून हात घातला की बाकीचे आकडे आपोआप जागेवर यायला लागतात.

ॲनालॉग कीबोर्ड म्हणजे नेमकं काय?

साध्या मेकॅनिकल कीबोर्डला बटण दाबलंय की नाही, एवढंच कळतं. चेरी एमएक्स रेडसारख्या स्विचमध्ये बटण एकूण ४ मिमी खाली जातं आणि साधारण २ मिमीवर आतले धातूचे संपर्क जुळतात. ॲनालॉग कीबोर्डला बटण किती खोल गेलंय, हेही सतत कळत असतं.

आज मिळणारे बरेचसे ॲनालॉग कीबोर्ड हॉल इफेक्टवर चालतात. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेला हा परिणाम. स्विचच्या दांड्यात छोटं चुंबक असतं, खालच्या सर्किट बोर्डवर सेन्सर असतो. चुंबक जवळ आलं की सेन्सरवरचा व्होल्टेज बदलतो आणि त्यावरून खोली काढली जाते. प्रकाशावर चालणारे ॲनालॉग स्विचही आहेत. वूटिंग या डच कंपनीने २०१६ मध्ये लोकांकडून पैसे उभे करून आणलेला पहिला कीबोर्ड तसाच होता, चुंबकाकडे ते नंतर वळले.

आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. धातूचे संपर्क जुळताना क्षणभर थरथरतात, म्हणून मेकॅनिकल कीबोर्डला सिग्नल स्थिर होईपर्यंत काही मिलिसेकंद थांबावं लागतं. इथे संपर्कच नाहीत, त्यामुळे ते थांबणंही नाही.

ॲक्च्युएशन पॉइंट आणि रॅपिड ट्रिगर यांत फरक काय?

ॲक्च्युएशन पॉइंट म्हणजे बटण किती खाली गेल्यावर ते दाबलं असं धरायचं, ती ठरलेली रेघ. रॅपिड ट्रिगर अशी ठरलेली रेघ मानत नाही, तो बोटाची दिशा बघतो. बटण वर यायला लागलं की बंद, पुन्हा खाली जायला लागलं की चालू.

‘डी’ पार तळाला टेकवून तुम्ही उजवीकडे पळताय असं धरा. साध्या कीबोर्डवर बोट जवळजवळ २ मिमी वर येईपर्यंत गेमच्या लेखी तुम्ही ‘डी’ दाबूनच ठेवलेलं असतं. डोक्याने थांबायचं ठरवलं, बोटानेही ऐकलं, पण पात्र अजून पळतंय. रॅपिड ट्रिगर ०.२ मिमीवर असेल तर बोट तळापासून ०.२ मिमी उचललं की त्याच क्षणी ‘डी’ सुटलं. तिथूनच परत ०.२ मिमी दाबलं की पुन्हा चालू.

याचा काउंटर-स्ट्रेफशी काय संबंध?

सगळा संबंध इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये चाकू हातात असताना कमाल वेग २५० युनिट प्रतिसेकंद असतो, एके-४७ हातात असताना २१५. पळताना गोळ्या भरकटतात. वेग त्या शस्त्राच्या कमाल वेगाच्या ३४ टक्क्यांखाली आला की पळण्यामुळे येणारा भरकटपणा जातो. एकेसाठी ती रेघ ७३ युनिटच्या आसपास आहे.

‘डी’ नुसतं सोडलं तर फक्त घर्षणाने वेग उतरतो. गेमच्या घर्षणाच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब मांडला, तर २१५ वरून ७३ वर यायला साधारण ०.२ सेकंद लागतात. ‘डी’ सोडून ‘ए’ला, म्हणजे डावीकडे जायच्या बटणाला, टिचकी मारली तर ब्रेक लागतो आणि हेच काम ०.१ सेकंदाच्या आत होतं. यालाच काउंटर-स्ट्रेफ म्हणतात. कोपऱ्यावर समोरासमोर आल्यावर एवढा फरक पुष्कळ झाला.

आता बोटं काय करतात ते बघा. दबावाखाली बहुतेकांचं ‘ए’वरचं बोट आधी खाली जातं आणि ‘डी’वरचं नंतर वर येतं. मधले काही क्षण दोन्ही बटणं एकत्र दाबलेली असतात. दोन्ही दिशा एकमेकींना खोडतात, गेमला वाटतं तुम्ही काहीच दाबलेलं नाही आणि पुन्हा फक्त घर्षणच उरतं. उलट बाजूने, ‘डी’ सोडल्यावर ‘ए’ दाबायला उशीर झाला तरी परिणाम तोच. म्हणजे दोन्ही चुकांची किंमत सारखी आहे. रॅपिड ट्रिगर त्यातली पहिली चूक, तो ओव्हरलॅप, छोटी करतो, कारण ‘डी’ आता बोटाच्या पहिल्या हालचालीलाच सुटतं.

आणि ‘ए’ची टिचकीसुद्धा वेळेवर सुटावी लागते, नाहीतर तुम्ही उलट दिशेला पळायला लागता. सोडणं इथे दुसऱ्यांदा कामी येतं.

व्हॅलोरंट या दुसऱ्या शूटर गेममध्ये नुसतं बटण सोडलं तरी पात्र बरंच लवकर थांबतं, त्यामुळे उलट बटणाच्या टिचकीचा फायदा तुलनेने कमी. पण बटण कधी सुटलं, याचं महत्त्व तिथेही तेवढंच.

मग सुरुवात कुठल्या आकड्यांपासून करू?

मी स्वतः ज्याला बसवून देतो त्याला ‘ए’ आणि ‘डी’साठी ॲक्च्युएशन १.२ मिमी, रॅपिड ट्रिगर सोडताना ०.२ आणि दाबताना ०.३ असं देतो. सोडणं हलकं, दाबणं किंचित जड. थांबायला उशीर नको, पण बोट नुसतं हललं म्हणून पाऊलही पडायला नको. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्हींसाठी एकच आकडा देता येत असेल तर ०.२५च्या आसपास ठेवा.

पुढे-मागे जायच्या ‘डब्ल्यू’ आणि ‘एस’ला एवढी घाई नसते. ‘डब्ल्यू’ तर बराच वेळ दाबून ठेवायचं बटण आहे. तिथे ०.४ चालेल.

लोक चुकतात ते शिफ्टवर. हळू चालायला शिफ्ट धरलेलं असतं, करंगळी थकते, किंचित सैल पडते, आणि रॅपिड ट्रिगर चालू असेल तर तेवढ्याने शिफ्ट सुटतं. एक पाऊल वाजतं आणि भिंतीपलीकडच्याला तुमची जागा कळते. शिफ्टवर रॅपिड ट्रिगर बंद ठेवा, ॲक्च्युएशन १.५ मिमी. बसायच्या बटणाचंही तेच. बोलायचं बटण धरून बोलत असाल तर तिथेही बंद, नाहीतर वाक्याच्या मध्येच आवाज तुटतो.

ग्रेनेड, शस्त्र बदलायची आकड्यांची बटणं आणि व्हॅलोरंटमधल्या ॲबिलिटी (पात्राच्या खास शक्ती) यांना २ मिमी किंवा त्याहून खोल ठेवा. ‘ए’-‘डी’च्या आसपासच्या बटणांवर बोट घासून जाणं अटळ आहे. राखून ठेवलेली अल्टिमेट, म्हणजे सर्वांत मोठी शक्ती, चुकून सुटली की ती फेरी मनातून जात नाही.

प्रो खेळाडू ०.१ ठेवतात, मग मी का नको?

कारण तुमचं बोट किती स्थिर आहे, हे तुम्ही अजून मोजलेलं नाही. मोजायला दोन मिनिटं लागतात. सॉफ्टवेअरमध्ये बटणाची खोली लाइव्ह दाखवणारी पट्टी असते, ती उघडा. ‘डब्ल्यू’ नेहमी खेळताना दाबता तेवढंच दाबून धरा. आता उजव्या हाताने माउस जोरजोरात फिरवा, जणू कोणावर तरी निशाणा वळवताय. नजर मात्र पट्टीवर ठेवा. आकडा एका जागी राहत नाही. ३.७, ३.६, ३.७ असा हलतो, आणि माउसला झटका दिला की एकदम ३.५ होतो. डाव्या हाताला कळतही नाही, पण बोट उचललं गेलेलं असतं.

तुमच्या पट्टीवरचा सर्वांत मोठा झटका ०.२ असेल तर रॅपिड ट्रिगर त्याच्यावर, म्हणजे ०.२५ किंवा ०.३ हवा. त्याच्या खाली गेलात तर ऐन लढतीत ‘डब्ल्यू’ क्षणभर सुटून परत लागेल आणि धावणं अडखळेल. सरावात हे दिसत नाही, कारण सरावात हात सैल असतो. ही चाचणी ‘ए’ आणि ‘डी’वर वेगवेगळी करा. बोटांची ताकद सारखी नसते, त्यामुळे आकडेही वेगळे आले तर बिचकू नका.

बोट खरंच तेवढं शांत असेल तर ०.१ जरूर ठेवा. आकडा तुमच्या हातातून आलेला असावा, दुसऱ्याच्या स्क्रीनशॉटमधून नव्हे.

कंटिन्युअस रॅपिड ट्रिगर चालू करू का?

नेहमीचा रॅपिड ट्रिगर ॲक्च्युएशन पॉइंटच्या खालीच काम करतो. बटण त्या रेघेच्या वर आलं की पुढच्या वेळी ती रेघ परत ओलांडावी लागते. कंटिन्युअसमध्ये बटण पूर्ण वर येईपर्यंत तो जागा असतो. बटणाच्या वरच्या भागातच हलक्या टिचक्या मारत खेळणाऱ्यांना ‘ए’-‘डी’वर याचा उपयोग होतो. बटण तळाला आपटून खेळणाऱ्यांना फरक जाणवणार नाही. बोट बटणावर टेकवून ठेवायची सवय असेल तर बंदच बरं.

डेडझोन कशाला असतात?

डेडझोन म्हणजे बटणाच्या प्रवासाच्या टोकाचा असा भाग, जिथली हालचाल कीबोर्ड धरत नाही. वरचा डेडझोन बोटाच्या नुसत्या वजनासाठी आणि तळाचा आपटण्यासाठी. बटण जोरात तळाला आपटलं की दांडा किंचित उसळतो, आणि फार हलक्या रॅपिड ट्रिगरला ती उसळी म्हणजे तुम्ही बटण सोडलं असं वाटू शकतं. दोन्हीकडे ०.१ ते ०.२ मिमी पुरे.

स्नॅप टॅप किंवा एसओसीडी वापरावं का?

काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर वापरू नका. तिथे विषय संपतो, पण कारण समजून घेण्यासारखं आहे.

एसओसीडी, म्हणजे एकाच वेळी दाबलेल्या विरुद्ध दिशा, हा शब्द फायटिंग गेममधून आला. जॉयस्टिक नसलेल्या, फक्त बटणांच्या कंट्रोलरवर डावं आणि उजवं एकत्र दाबता येतं, मग गेमने काय मानायचं, हा तिथला जुना प्रश्न. कीबोर्डवर त्याचं उत्तर असं दिलं गेलं की शेवटचं दाबलेलं बटण जिंकतं. ‘डी’ धरलेलंच ठेवा, वर ‘ए’ दाबा, कीबोर्ड स्वतःच ‘डी’ सोडल्याचं गेमला सांगतो. ‘ए’ सोडलं की ‘डी’ परत लागतं. रेझर या कंपनीने जुलै २०२४ मध्ये हे स्नॅप टॅप या नावाने आणलं, इतर कंपन्यांकडेही आपापल्या नावांनी आहे.

वर सांगितलेला ओव्हरलॅप आठवा. स्नॅप टॅप तो छोटा करत नाही, पुसूनच टाकतो. वेळ साधायचं कामच उरत नाही. काउंटर-स्ट्राइक बनवणाऱ्या व्हॉल्वने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलं, की त्यांच्या अधिकृत सर्व्हरवर हार्डवेअरच्या मदतीने केलेला काउंटर-स्ट्रेफ पकडला जाईल आणि खेळाडूला सामन्यातून बाहेर काढलं जाईल. एकाच बाइंडमध्ये, म्हणजे एका बटणाला जोडलेल्या आज्ञेत, हालचालीच्या किंवा गोळीबाराच्या एकाहून जास्त क्रिया बसवण्याची सोयही त्याच वेळी तिथे बंद झाली. रॅपिड ट्रिगर मात्र यात येत नाही, कारण तिथे प्रत्येक दाबणं आणि सोडणं तुमच्याच बोटाचं असतं. एका दाबण्यात दोन-तीन क्रिया बसवणाऱ्या सोयी स्नॅप टॅपच्याच पंगतीत बसतात, त्याही दूर ठेवा.

दुसऱ्या गेमचे आणि स्पर्धांचे नियम वेगळे असतात, ते खेळण्याआधी वाचा. जिथे चालतं तिथेही मी ते बंद ठेवतो. चार महिने स्नॅप टॅपवर खेळलेल्या एका मित्राचं बघितलंय. ते बंद केल्यावर त्याचं ‘डी’वरचं बोट उचललंच जात नव्हतं. सोडायची सवयच गेली होती आणि ती परत यायला पुष्कळ आठवडे लागले.

एक काळजी मात्र घ्या. काही कीबोर्डांवर ही सोय दोन बटणांच्या जोडीने चालू-बंद होते. सामन्यात चुकून चालू झाली तर बाहेर तुम्हीच जाल. तो शॉर्टकट सॉफ्टवेअरमधून काढून टाका.

बटण अर्धं दाबून हळू चालता येईल का?

कल्पना छान आहे, पण स्पर्धात्मक शूटरमध्ये तिच्या मागे लागू नका. पीसीवरचे बहुतेक शूटर कीबोर्डकडून फक्त चालू-बंद घेतात. खोलीप्रमाणे वेग हवा असेल तर कीबोर्डला कंट्रोलर असल्याचं सोंग घ्यावं लागतं. मग गेम कधी कंट्रोलरची चिन्हं दाखवतो, कधी कीबोर्डची, आणि काही गेममध्ये त्या अदलाबदलीत माउस अडखळतो. कंट्रोलरचं आउटपुट बंद ठेवा. गाड्यांच्या शर्यतीत किंवा विमान उडवताना ते जरूर चालू करा, तिथे मजा आहे.

८००० हर्ट्झ पोलिंग रेटने फरक पडतो का?

१००० हर्ट्झवर कीबोर्ड दर १ मिलिसेकंदाला माहिती पाठवतो, ८००० वर दर ०.१२५ ला. म्हणजे जास्तीत जास्त फायदा ०.८७५ मिलिसेकंदाचा. तुमच्या बोटांचा ओव्हरलॅप याच्या कितीतरी पट असतो. ८००० वर प्रोसेसरवरचा भार वाढतो, आणि जुन्या मशीनवर फ्रेम पडायला लागले तर मिळवलं त्याहून गमावलं जास्त. आधी १००० वर सगळं बसवा, मग वाटलं तर वाढवा.

मधूनच एखादं बटण आपोआप दाबलं जातं किंवा अडकून राहतं. स्विच गेला का?

बहुतेक वेळा नाही. आधी कॅलिब्रेशन करा, म्हणजे बटणाचं वरचं आणि तळाचं टोक कीबोर्डला नव्याने मोजू द्या. स्विच बदलल्यावर, जड कीकॅप लावल्यावर आणि खोलीतलं तापमान खूप बदललं असेल तरी करा, कारण चुंबकाची ताकद तापमानाप्रमाणे थोडी बदलते.

त्यानंतर टेबलावर चुंबक शोधा. माझ्याकडे एकदा रात्रीच्या सामन्यांत ‘ए’ मधूनच लागायचं, पात्र डावीकडे सरकायचं. फर्मवेअर (कीबोर्डच्या आतलं सॉफ्टवेअर) परत टाकलं, स्विच बदलला, दोन दिवस गेले. शेवटी लक्षात आलं, की रात्री खेळताना मी इअरबड्सची डबी कीबोर्डच्या डाव्या कडेला खेटून ठेवत होतो. तिच्या झाकणात चुंबक होतं. डबी वीतभर लांब सरकवली आणि पट्टी शून्यावर शांत झाली. फोनचं चुंबकाचं कव्हर, मनगटाखालची चुंबकाने चिकटणारी पट्टी, स्पीकर, सगळं तपासा.

वेगळे स्विच लावले तर चालतील?

कंपनीने दिलेल्या यादीत असतील तरच. चुंबकाची दिशा उलटी किंवा ताकद वेगळी असेल तर खोली चुकीची मोजली जाते किंवा बटण लागतच नाही. स्प्रिंग मात्र विचारपूर्वक बदलण्यासारखी आहे. जड स्प्रिंग बोटाला वर ढकलते, आणि आपल्याला सोडणंच तर लवकर हवंय.

सॉफ्टवेअर कीबोर्ड ओळखतच नाही?

ब्राउझरमधून चालणारं असेल तर क्रोम किंवा एजमध्ये उघडा, फायरफॉक्समध्ये त्यासाठी लागणारी सोय नाही. सेटिंग कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत साठवा, म्हणजे दुसऱ्या पीसीवरही तेच येईल.

सेटिंग जमलंय, हे कसं ओळखू?

काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एकट्याने सर्व्हर चालू करा आणि कन्सोलमध्ये ‘सीएल_शोपॉस १’ ही आज्ञा रोमन अक्षरांत टाइप करा. स्क्रीनवर तुमचा वेग दिसायला लागेल. एके घेऊन भिंतीसमोर उजवीकडे पळा, ‘डी’ सोडा, ‘ए’ला टिचकी मारा आणि त्याच दमात एक गोळी झाडा. वेग ७३ च्या खाली असताना गोळी सुटली तर ती क्रॉसहेअरवर लागेल. भिंतीवरची खूण आणि आकडा दोन्ही बघा. तुम्ही अजून उजवीकडेच सरकताय आणि आकडा मोठा असतानाच गोळी सुटत असेल तर ‘डी’ उशिरा सुटतंय. थांबल्यावर वेग परत डावीकडे वाढत असेल तर ‘ए’ची टिचकी लांबतेय.

दहा गोळ्या उजवीकडून, दहा डावीकडून. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. त्या बाजूच्या बोटाचा आकडा बदला, तोही एकाच वेळी एक आणि ०.०५ ने. बदल केल्यावर निदान चार-पाच दिवस त्याला हात लावू नका, कारण पहिल्या दिवशी प्रत्येक नवा आकडा चांगलाच वाटतो. आकडे वहीत लिहून ठेवा. फर्मवेअर अपडेटनंतर प्रोफाइल (साठवलेली सेटिंग) उडाली तर तीच वही कामी येते.

स्पर्धेच्या दिवशी काय बघू?

फर्मवेअर आदल्या दिवशी अपडेट करू नका, आठवडाभर आधी करा. स्पर्धेपुरती वेगळी प्रोफाइल ठेवा, जिच्यात स्नॅप टॅप आणि कंट्रोलरचं आउटपुट बंद आहे, आणि कीबोर्ड लावल्यावर तीच चालू आहे ना, हे दिव्याच्या रंगावरून ओळखता येईल असं करून घ्या. हॉलमधला एसी जोरात असेल तर बसल्या बसल्या कॅलिब्रेशन करून घ्या. बोटं गार पडली असतील तर सोडतानाचा आकडा ०.०५ ने वाढवायला हरकत नाही. मग भिंतीवर दोन्ही बाजूंनी दहा-दहा गोळ्या, आणि टेबलावरची इअरबड्सची डबी बॅगेत.